पंधरा किलो जास्त

हॉर्शम, ४ मे १९९८

ती. ताईस, लायलचा शि. सा. न.

गाडी सजली एकदाची! मागे कप्पे, फ्रिज, पाण्याची टाकी, टपावर तंबू, दोन जादा चाकं. गव्हाच्या कोठारावरच्या वजनकाट्यावर चढवली, तर कमाल मर्यादेला अजून साठ किलो बाकी. जूनमध्ये तुला घेऊन सिम्पसनचं वाळवंट पार करायचं. डग भावोजींना जाऊन वर्ष होत आलं, घरात किती कोंडून घेशील? नाही म्हणायचं नाही.

तुझ्या मायेचा हक्कदार,
लायल

क्वॉर्न, ११ मे

चि. लायल यास अ. उ. आशीर्वाद.

मी वीस वर्षं वजनकाटा सांभाळला, म्हणून विचारते. काटा करताना तू गाडीत होतास, की खाली उभा राहून बढाया मारत होतास? आपण दोघं काय हवेचे आहोत? शहाणाच आहेस. जड गाडी वाळूच्या टेकड्यांवर मोडली, तर तिथे कोण येणार आहे उचलायला? बसत नसेल तर मला राहू दे, मी रागावणार नाही.

असाच लिहीत जा,
रोझलिनताई

हॉर्शम, १९ मे

ती. ताईस शि. सा. न.

खालीच उभा होतो. काटेवाला पोट धरून हसला. माझे पंचाण्णव आणि तुझे बहात्तर धरले, तर एकशे सात किलो जास्त. तंबू उतरवला, जमिनीवर झोपू. एक चाकही काढलं. तरी पंधरा जास्तच. आता एकतर तेवढं पाणी कमी करायचं, नाहीतर बेत मोडायचा. बहात्तर हा तुझा जुना आकडा. खरा कळव, लाजू नकोस.

उत्तराची वाट बघणारा,
लायल

क्वॉर्न, २६ मे

चि. लायल यास अ. उ. आशीर्वाद.

पाण्याला हात लावू नकोस. माझे एक्कावन्न धर. आजार काही नाही, डॉक्टरांनी सगळं तपासलं. एकटीसाठी रांधावंसं वाटत नाही, एवढंच. टोस्टवर भागतं. आता बसली ना गाडी मर्यादेत? मग झालं तर.

काळजी करू नये ही विनंती,
रोझलिनताई

हॉर्शम, १ जून

ती. ताईस शि. सा. न.

गाडी बसली. सहा किलो उरलेसुद्धा. पण पत्र वाचलं आणि मी पायरीवरच बसून राहिलो. एकवीस किलो, ताई! आणि मी इकडे नटबोल्ट मोजत होतो. दर रविवारी फोनवर विचारायचो, जेवलीस का. तू हो म्हणायचीस आणि मी खूश व्हायचो. मला माझीच लाज वाटली.

वाळवंट सप्टेंबरात बघू, ते कुठे पळून जात नाही. मी शनिवारी येतोय आणि महिनाभर राहणार आहे. मटण भाजता येतं मला, बाकीचं शिकेन. कटकट करायची नाही, समोर बसून जेवायचं. काढलेलं चाक परत चढवलेलं नाही, फ्रिजही काढून ठेवला. हिशेबाच्या कागदावर तुझ्या नावापुढे मी बहात्तरच ठेवलेत. तेवढी जागा तुझी आहे, ती दुसऱ्या कशाने भरणार नाही.

तुझा,
लायल