बाहेरून घातलेली कडी

मी, शकुंतला भीमसेन नरगुंदकर, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त संगीत शिक्षिका, राहणार केशवापूर, हुबळी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. येत्या तेरा तारखेला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी मात्र शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहावे म्हणून कोणी दडपण आणलेले नाही. लिहू नये म्हणून आणले आहे.

१. राहते घर माझा मुलगा साकेत याला मिळावे. त्याला कसलीही अट नाही.

२. उणकलची मोकळी जागा मल्लाप्पा व त्याची पत्नी दुर्गव्वा यांना द्यावी. साकेतचा याला विरोध आहे. "आई, ती जागा अप्पांनी हौसेने घेतली होती. शाळेतल्या शिपायाला कशाला?" असे तो विचारतो. अप्पा म्हणजे माझे पती; जागा त्यांनी घेतली, पण ती माझ्या नावावर आहे. कशाला, ते येथे प्रथमच लिहीत आहे.

मार्च महिना संगीताच्या तासाला वाईट. ऊन तापते, कैऱ्या लागतात, रंगपंचमी तोंडावर येते, आणि गाण्याला गुण नसतात. आठवीची निम्मी मुले माझ्या तासाला मैदानात असत. २०११ साली मुख्याध्यापकांनी बजावले, "तपासणी आहे. वर्ग भरलेला दिसला नाही तर हा तास गणिताला देईन." मी घाबरले. मल्लाप्पाला सांगितले, "मुलं आत आली की बाहेरून कडी घाल. तास संपल्यावरच काढ."

तीन दिवस वर्ग भरलेला राहिला. चौथ्या दिवशी कडी घातल्यावर मुख्याध्यापकांनी मल्लाप्पाला टपाल कचेरीत पाठवले. आत चाळीस मुले बाके बडवून ठेका धरत होती. दीपश्रीला दमा होता. तिचा श्वास अडकला. पंप शेजारच्या वर्गात, दप्तरात. मी दार बडवले. बाहेरच्यांना तोही ठेकाच वाटला. शेवटी नेत्रा नावाची मुलगी खिडकीच्या गजांना तोंड लावून कन्नडमध्ये आणि मराठीत किंचाळली, "बागिल तेगीरीऽ! दार उघडाऽ!" नळावरच्या बाया धावल्या. तोवर दीपश्रीचे ओठ निळे पडले होते.

ती वाचली. पाच दिवस इस्पितळात होती.

चौकशीत विचारले गेले, "कडी घालायला कोणी सांगितलं?" मल्लाप्पाने माझ्याकडे पाहिले. मी सांगेन, असे त्याला वाटले असावे. "मला कल्पना नाही," मी म्हणाले. त्याच आठवड्यात त्याला कामावरून काढले.

३. माझी हार्मोनियम शाळेतल्या सध्याच्या संगीत शिक्षिका माया यांना द्यावी. त्यांच्यासाठी दोन शब्द. त्या प्रकारानंतर मी दार सताड उघडे ठेवले आणि सांगून टाकले, जायचे त्याने जावे. अकरा मुले उरली. त्यांना व्हरांड्यात नेले, रस्त्यावरच्या भाजीवालीची हाक ऐकवली आणि विचारले, "हिचा सा कुठला?" मुलांत भांडण जुंपले. ते ऐकायला मैदानातली मुले परत आली. परीक्षेपर्यंत वर्ग भरत राहिला. हे मला आठ दिवस आधी सुचायला हवे होते.

४. माझ्या शोकसभेत त्या मुख्याध्यापकांना बोलू देऊ नये. ते मला आदर्श शिक्षिका म्हणतील.

५. कलम दोनमधील कबुली माझ्या मृत्यूनंतर शाळेत वाचावी, असे येथे लिहिले होते. ते खोडले आहे. काल मी मसुदा घेऊन मल्लाप्पाकडे गेले. दुर्गव्वाने दारात हात आडवा धरला. "येऊ दे," तो आतून म्हणाला. त्याने सगळे ऐकून घेतले.

"बाई, हे तुम्ही गेल्यावर वाचणार?"

"हो."

"आणि मी आधी गेलो तर?"

मी मसुद्याची घडी घातली.

"जागा नको म्हणत नाही," तो म्हणाला. "पण चौदा वर्षं झाली, लोक मला पोरींना कोंडणारा म्हणतात. खरं काय ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

म्हणून येत्या सोमवारी, दहा तारखेला, प्रार्थना झाल्यावर ही कबुली मी स्वतः शाळेत वाचणार आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. मल्लाप्पा व दुर्गव्वा यांच्यासाठी पुढे दोन खुर्च्या ठेवाव्यात, असे शाळेला लेखी कळवले आहे.

साकेतने आज सकाळी हा कागद वाचला. मग विचारले, "सोमवारी त्यांना आणायला किती वाजता निघू?"

लिहून देणार: शकुंतला भीमसेन नरगुंदकर (सही)

आमच्या समक्ष सही झाली:
श्रीहरी बेंगेरी, शेजारी (सही)
वनिता हेब्बळीकर, निवृत्त ग्रंथपाल (सही)

हुबळी, ६ मार्च २०२५