डावीकडचा दिवा

६ जानेवारी १९७५, चिंचवड
संपादकांचं फर्मान — "फोटो नसेल तर बातमी दोन ओळी." इतकी वर्षं पिंपरीचे संप, अपघात, सत्कार नुसत्या शब्दांत कळवले. आता यांना चित्रं हवीत. म्हणून या वयात विलासच्या स्टुडिओत विद्यार्थी झालो. गुरू माझ्या निम्म्या वयाचा. त्याचं सगळं ज्ञान एका वाक्यात मावतं — "शास्त्रीबुवा, गिऱ्हाईक गोरं दिसलं पाहिजे."

९ जानेवारी
स्टुडिओत कोट एकच. शिफ्ट सुटली की कामगार येतात, आळीपाळीनं तोच घालतात, पाठीमागे चिमटे लावून घट्ट करतात आणि गावाकडे साहेब होऊन जातात. मागे रंगवलेलं काश्मीर. सरोवराला पोपडे धरलेत.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ खाऊनही गोड बोलवत नाही. आज बोल्टचा फोटो काढला, भोसरीच्या एका कारखानदारासाठी. संस्कृतात बोल्टला शब्द नाही; सुखी भाषा. समोरून दिवा लावला तर नुसती सपाट कांडी. दिवा डावीकडे, खाली, अगदी जवळ आणला — एकेक आटा उठून दिसला! लेकीला दाखवला. नीला म्हणाली, "बाबा, माणसांचे कधी काढणार?"
बोल्ट हलत नाही, कोट मागत नाही. माणसांपेक्षा बरा.

२० जानेवारी
आकुर्डीचे सयाजी आले, सोबत लेक भिमाबाई. शेत कारखान्यात गेलं. बायको, तानुबाई, गेल्या साली वारली. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. आता वर्षश्राद्ध तोंडावर, आणि हार घालायचा कशाला? म्हणून लेकीला आईचं लुगडं नेसवून, आईची नथ घालून आणलेलं.
"पोरगी आईच्या वळणावर गेलीया. हिचाच काढा, तिचा म्हून."
मी म्हणालो, "सयाजीराव, हे खोटं आहे."
"व्हय. पन खरं कुटनं आनू?"
विलास म्हणाला, चालतं, सगळीकडे करतात. म्हणजे असत्यालाही परंपरा आहे.

२४ जानेवारी
विलासनं काढला. समोरून दोन दिवे, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गाल गुळगुळीत. सयाजींनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "ही तानू न्हाई. भिमी बी न्हाई. कोन बाई हाय ही?"
विलास वैतागला. "आजोबा, छान दिसतीय की."
"छान नव्हती ती."
घरी येताना हसू आलं. वर्षभरात चेहरा विसरतो हा माणूस, आणि निघालाय हार घालायला! नीलाच्या आईला जाऊन सात वर्षं झाली. तिचाही फोटो नाही — लग्नातला एक आहे, त्यात मान खाली, दिसतात त्या मुंडावळ्या. माझं कुठे अडलं? डोळे मिटले की समोर उभी.

३ फेब्रुवारी
सयाजी रोज येऊन बाकावर बसतात. विलास म्हणाला, "आता तुम्हीच निस्तरा, शास्त्रीबुवा." मी काश्मीर गुंडाळून ठेवलं, बोल्टचाच दिवा लावला. डावीकडे, खाली, जवळ. भिमाबाईंना हसू आवरेना. "बाई, बोल्टसारख्या बसा," म्हणालो. तर आणखीच.
त्यांचा एक डोळा जरा बारीक आहे. समोरच्या उजेडात कळला नव्हता. पेन्सिल लावली नाही. कंटाळा.

५ फेब्रुवारी
सयाजींनी फोटो पाहिला. पटका काढून मांडीवर ठेवला.
"बारका डोळा... रागावली की आसंच बगायची." मग फोटोलाच म्हणाले, "कुटं व्हतीस गं?"
भिमाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, नथ सोडवत. विलासनं माझी पाठ थोपटली.
अडाणी लोक. सावलीच्या तुकड्यापुढे रडतात. दिवा बरा बसला होता, इतकंच.

९ फेब्रुवारी
बोल्टच्या फोटोची एक प्रत संपादकांना धाडली होती. त्यांचं कार्ड — "बोल्ट परत पाठवत आहे. माणसं पाठवा."

१२ फेब्रुवारी
आज नीलाला तिच्या आईचं हिरवं इरकल नेसायला लावलं. स्टुलावर बसवलं. दिवा डावीकडे ठेवला. तिनं विचारलं, "बाबा, आई मान अशी धरायची, की अशी?"
आठवेना.