समोरच्या बंगल्याचा जिना

इंदिरानगर, नाशिक
६ जानेवारी २०२६

सौ. सुवर्णा हिस,
अ. उ. आ.

फोन मुद्दाम केला नाही; तुझा फोन स्पीकरवर असतो आणि सगळी आळी ऐकते. तुझी हर्षाली माझ्याकडे नीट आहे, कॉलेजला जाते.

काल भाजीवाल्या पिंकीने विचारलं, मावशी, बंगला कधी घेतलात? समोरची मंडळी कॅनडाला लेकाकडे गेलीत, झाडांच्या पाण्यासाठी किल्ली माझ्याकडे असते. पाणी हर्षाली घालते. पिंकीच्या मोबाइलवर पाहते तर बाईसाहेब त्या बंगल्याच्या जिन्यावर, आणि खाली लिहिलंय, 'आमचं घर'. तेरा हजार लोकांनी पाहिलं! जाब विचारला तर म्हणते, आत्या, दोन खोल्यांना कोण लाइक करतं?

या दोन खोल्यांत मी बत्तीस वर्षं ताठ मानेने राहिले. तू आई आहेस, तिला चार शब्द सुनाव.

लोभ आहेच, उत्तरही येऊ दे.
सविता

मालेगाव
१० जानेवारी

ती. वन्सं यांस,
शि. सा. नमस्कार.

रागावू नका. जिन्यावर उभं राहायला तिला मीच सांगितलं. तिथे उजेड छान पडतो. तोच व्हिडिओ बघून नाशिक रोडचं स्थळ आलंय, मुलगा सरकारी नोकरीत. त्याची आई आणि मावशी पुढच्या रविवारी, १८ तारखेला, नुसतं घर पाहून जाणार आहेत. पसंत पडलं तर पुढे आम्ही येऊच. तासाभरापुरता बंगला उघडा. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, वन्सं.

माया पातळ करू नका.
तुमची सुवर्णा

इंदिरानगर
१९ जानेवारी

सौ. सुवर्णा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून खुर्चीत बसले ती उठलेच नाही. लेकीला सुनावायला सांगितलं, तर आईचीच फूस!

बंगला उघडला नाही. पाहुण्यांना माझ्याच घरी पोहे दिले. समोरचं घर आमचं नाही, हे हर्षालीने आपणहून सांगितलं. मुलाची आई म्हणाली, बरं झालं आत्ताच कळलं, आणि बशी तशीच ठेवून उठली. दार लागलं आणि पोर हमसून रडली. मी तिला पोटाशी धरलं. मला तिचा अभिमान वाटला, सुवर्णा.

आज सकाळी तिनेच हसत फोन पुढे केला. पोहे, पाहुणीचा चेहरा, तिचं रडणं, माझं पोटाशी धरणं, सगळं त्यात. फोन फडताळात डब्यांमध्ये उभा केला होता. दोन लाख लोकांनी पाहिलंय. ती म्हणाली, आत्या, रडणं खरंच होतं गं. फोन नुसता चालू होता.

तिला परत पाठवणार नाही. पण दुपारी जेवताना तिला ठसका लागला, तेव्हा पाठीवर हात ठेवण्याआधी मी फडताळाकडे पाहिलं.

लोभ होता तसाच ठेव.
सविता