कपाटाच्या जाहिरातीत बसलेले काका

तीर्थरूप काकूंना,

तुमच्या थोराड पुतण्याचा वाकून नमस्कार (कंबर साथ देते तेवढाच). तब्येत कशी आहे? गुडघ्यांना तेल लावता ना, की बाटली नुसती उशाशी ठेवता? इकडे बायको ठीक, मुलगी ठीक, मी सोडून सगळे ठीक. फोनच केला असता, पण तुम्हाला फोन करणं म्हणजे भिंतीशी गप्पा मारणं. भिंत निदान मध्येच "कोण बोलतंय?" असं तरी विचारत नाही. रागावू नका. कान गेले यात तुमचा दोष नाही, आणि नुसत्या ओठांकडे बघून तुम्ही जेवढं ओळखता तेवढं आम्हाला दोन्ही कान शाबूत असून कळत नाही. काकांचं तर मिशीआडचं बोलणंही तुम्हाला कळायचं. आम्ही आपले "काय? काय?" करत बसायचो.

तर झालं असं. ज्या कपाटाच्या कंपनीत काकांनी एकतीस वर्षं प्रत्येक कपाट ठोकून, उघडून, लावून पास केलं, आणि जिथे त्यांनीच मला तक्रार विभागात चिकटवलं, तिथे जाहिरातीसाठी एक नवे साहेब आलेत. त्यांनी कपाटांचे बारा व्हिडिओ काढून घेतले. ते लोकांना दाखवण्याजोगे आहेत का हे ठरवायला तीन परीक्षक नेमले: स्वतः साहेब, कॅमेरावाला (म्हणजे ज्याने पेपर लिहिला तोच तपासणार) आणि मी. बावीस वर्षं करकरणाऱ्या दारांच्या तक्रारी ऐकल्यामुळे लोक कशाला नावं ठेवतील ते मला आधी कळतं म्हणे. परीक्षक झाल्याचं मी घरी ऐटीत सांगितलं, तर बायको म्हणाली, आपल्या कपाटाचं दार दोन वर्षं लागत नाही, त्याची परीक्षा आधी घ्या. घरकी मुर्गी दाल बराबर म्हणतात ते हेच.

परीक्षेची पद्धत साहेबांची. एकेक व्हिडिओ तीनदा बघायचा: एकदा नेहमीसारखा, एकदा पाठ फिरवून नुसता ऐकायचा, आणि एकदा आवाज बंद करून नुसता बघायचा. मग नऊ प्रश्नांचा फॉर्म भरायचा. तिघांपैकी एकानेही नापास केलं तर तो व्हिडिओ पुढच्या शुक्रवारी चार वाजता कायमचा पुसणार. खोलीबाहेर त्याची प्रत न्यायची नाही, मोबाईल दाराबाहेर ठेवायचा. पहिल्या व्हिडिओत एक बाई कपाटाला मिठी मारते. (बावीस वर्षांत कपाटाला लाथ मारणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिली, मिठी मारणारं एकही नाही.) दुसऱ्यात चौघांचं कुटुंब कपाटासमोर उभं राहून हसतं. का हसतं ते कपाटालाच ठाऊक. असं करत करत सोमवारी सातव्यावर आलो. बाई दार उघडते, दाराचा आरसा फिरतो, आरशात मागची खोली दिसते. तिथे भिंतीला टेकून एक लाकडी बाक आहे, आणि त्या बाकावर, काकू, आमच्याकडे पाठ करून काका बसले होते.

दचकू नका. मीही आधी स्वतःला समजावलं की एकासारखी सात माणसं असतात म्हणे, हा त्यातला एक असेल. पण अंगात तपकिरी स्वेटर, आणि त्याच्या कोपराला हिरवं ठिगळ. लोकर संपली म्हणून तुम्हीच लावलेलं ते! सातही माणसांच्या बायकांची लोकर ऐन कोपराशी संपली असेल का? बाई दार लावते तेव्हा त्या माणसाने मान तिरकी करून खटका कसा बसतो ते ऐकलं. काकांची ही खोड तुम्हाला सांगायला नको. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी सासऱ्यांच्या कपाटावर टकटक करून "बिजागरी गेली" असा निकाल दिला होता, आणि माझं लग्न थोडक्यात वाचलं. (की मी थोडक्यात अडकलो, यावर घरात दोन मतं आहेत.)

साहेब मात्र खूश. म्हणाले, "ते मागचे आजोबा एकदम नॅचरल! कुठून आणलेत?" कॅमेरावाला त्यांच्याकडे बघत म्हणाला, "मला वाटलं तुम्हीच आणलेत." मग तो मला जिथे चित्रीकरण केलं त्या खोलीत घेऊन गेला. तिथे नुसती भिंत आहे, बाक नाहीच. तो बाक तपासणीच्या शेडमधला, काका ज्यावर बसायचे तोच, एका पायाला तार गुंडाळलेला. काका गेले त्याच वर्षी तो माझ्यादेखत फोडून जाळला, त्याला आता तीन वर्षं झाली. तिथून परतताना कॅमेरावाला जिन्यात माझ्या इतका जवळून चालत होता की दोनदा माझी चप्पल निघाली.

मंगळवारी व्हिडिओ परत लावला, तर काका अर्धे आमच्याकडे वळलेले. आज बुधवारी पूर्ण आमच्याकडे तोंड. आवाज लावला की बाईचं गाणं ऐकू येतं, आवाज बंद केला की काकांचे ओठ हलताना दिसतात. चारच शब्द आहेत, पुन्हा पुन्हा तेच. मी घरी आरशासमोर उभा राहून तसे ओठ करून पाहिले. बायकोने लवंग आणून दिली, तिला वाटलं दाढ दुखते.

काकू, एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. शेवटच्या संध्याकाळी तुम्ही औषधं आणायला खाली गेला होता, तेव्हा काका मला काहीतरी सांगत होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, शब्द कळेना. मी म्हणालो, "उद्या बोलू काका, घाई काय आहे?" घाई मला होती. मला त्या खोलीतून पळायचं होतं, भीती वाटत होती. तो उद्या उजाडलाच नाही. तीन वर्षं मला त्याची लाज वाटते आहे.

आता फॉर्मवरचा नववा प्रश्न असा: चित्रात नको असलेलं कोणी दिसतं का? "हो" लिहिलं की व्हिडिओ नापास. साहेब आणि कॅमेरावाला पास करून मोकळे झालेत (कॅमेरावाल्याने तर डोळे मिटून सही केली). अडलंय ते माझ्या फॉर्मावर. काका नको आहेत असं मी कोणत्या हाताने लिहू?

बाकी क्षेम. थोरांना नमस्कार, लहानांना शाबासकी, आणि मधल्यांनी आपापलं बघावं.

तुमचा,
बडबड्या

ता. क. खरं काम राहूनच गेलं. पुढच्या शुक्रवारी तुम्ही नेहमीप्रमाणे रक्तदाब तपासायला कंपनीच्या दवाखान्यात येणारच आहात. त्याच जिन्याने एक मजला वर या, चारच्या आत. साहेबांची परवानगी घेतली आहे. काका काय म्हणतात ते तेवढं ओठांवरून वाचून सांगा. मला कळलं नाही, तुम्हाला कळेल.

ता. क. २. गुरुवार. पाकीट चिकटवण्याआधी आज पुन्हा एकदा बघून आलो. काकांचे ओठ आता हलत नाहीत. ते बाकावर एका कडेला सरकले आहेत. शेजारची जागा त्यांनी स्वेटरच्या बाहीने पुसली आणि खोलीच्या दाराकडे बघत बसले आहेत. ते ज्यांच्यासाठी जागा पुसतील असं माणूस जगात एकच आहे.

मी नवव्या प्रश्नापुढे "हो" लिहिलं. आजच पुसून टाका म्हणून साहेबांचे पाय धरायचे बाकी ठेवले, पण ते म्हणतात पुढचा शुक्रवार म्हणजे पुढचा शुक्रवार. हे पत्र फाडणार होतो. पण फाडलं तर तुम्ही सवयीने दवाखान्यात येणार, आणि वर एकच मजला. म्हणून पाठवतो आहे. काकू, येऊ नका. रक्तदाब कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे बघून घ्या. काकांना मी दुसऱ्यांदा पाठ दाखवली, त्याबद्दल मला हव्या त्या शिव्या द्या, शनिवारी सकाळी मीच ऐकायला येतो. तोवर दाराला आतून कडी घाला, आणि तुमच्याही कपाटाला आरसा आहे, त्यावर एक जाड चादर टाकून ठेवा.