आबांचं ऑपरेशन आणि माझा कंट्रोल

१ फेब्रुवारी, रविवार.
हल्ली जेवायला बसलो की फोन, आंघोळीला गेलो की दारावर थाप. काल एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात शेजाऱ्याची चप्पल घालून उधन्याला फॅक्टरीत गेलो. शेट म्हणाले, "हेमराजभाई, तबियत बराबर छे ने?" माणूस महत्त्वाचा झाला की असं व्हायचंच.
निर्णय: उद्यापासून सगळ्यांना स्पष्ट 'नाही'. या आठवड्यात एकच काम. सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, शुक्रवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन. ते शिरपूरहून इथे सुरतेला आलेत. सुषमा म्हणाली, माझेच वडील आहेत, मी नेते. म्हटलं, मी असताना?

२ फेब्रुवारी, सोमवार.
खालच्या मजल्यावरच्या सरलाबाई आल्या. सोसायटीच्या पाण्याचा वॉल्व्ह सोडणारा गावी गेलाय, सकाळी कोणीतरी उठायला पाहिजे. मी ठाम नकार देणार होतो. तेवढ्यात त्या 'तुमच्यासारखा जबाबदार माणूस' असं काहीतरी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. शिवाय लवकर उठणं तब्येतीला बरं.

३ फेब्रुवारी, मंगळवार.
धाकटा भाऊ प्रवीण त्याच्या योगिताच्या लग्नपत्रिका टाकून गेला. कोसाडच्या सगळ्या मी वाटायच्या. पुतणीच्या पत्रिका वाटणं हे काम नाहीच, नातं आहे. त्यामुळे मोजायचं नाही.
कोसाडला घराघरात चहा. एकालाही नको म्हणवलं नाही. आता झोप येत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार.
सकाळी वॉल्व्ह सोडला. बंद करायचा राहिला. टाकी भरून जिन्यावरून पाणी. सरलाबाई बरंच बोलल्या. जिना मात्र स्वच्छ धुतला गेला, त्याबद्दल अवाक्षर नाही.
फॅक्टरीत कापडाच्या घड्या घालतात त्या फोल्डिंगचा मास्टर रजेवर. शेटनी त्याचंही खातं माझ्याकडे दिलं. तोंडातून 'हो' गेलं, पण मनात मी 'नाही' म्हणालो. प्रगती आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
सुषमा म्हणते, "तुम्ही उभ्याउभ्या झोपताय. उद्या मीच जाते." डोळे मिटून विचार करणं तिला कळत नाही. ही तारीख चुकली तर आबा पुन्हा सुरतेला पाय ठेवणार नाहीत, याची तिला धास्ती. आबासुद्धा म्हणाले, "जवाईबापू, कसाले इतली धावपय?" दोघांना सांगितलं, निर्धास्त राहा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी.
निघतोय. फोन बंद. सगळं कंट्रोलमध्ये.

७ फेब्रुवारी, शनिवार.
काल लिहिता आलं नाही. अक्षरंच दिसत नव्हती.
झालं असं. हॉस्पिटलच्या बाकावर मी आणि आबा बसलो होतो. आबा पाणी प्यायला उठले. मी डोळे मिटून आठवड्याचा आढावा घेत होतो. नर्सने आबांचं नाव घेऊन गुजरातीत विचारलं, चिंधाकाका तुम्हीच का? मी म्हणालो, हो. तिने डोळ्यात ड्रॉप्स टाकले. इतकं गार वाटलं, की मी आपण होऊन दुसराही डोळा पुढे केला. कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन ते कळावं म्हणून तिने कपाळावर पट्टी चिकटवली तेव्हा जरा शंका आली. पण माणसं आपलं काम करत असताना मधे बोलू नये.
आबा परत आले. म्हणाले, "जवाईबापू, तुमनं बी ऑपरेशन शे का?"
मग नर्स माझ्यावर ओरडली. मग आबांना आत नेलं. त्यांचं ऑपरेशन उत्तम झालं, असं ऐकलं. त्या ड्रॉप्समुळे मला समोरची भिंतसुद्धा धुरकट दिसत होती. कोणतं औषध कधी, हे डॉक्टरांनी आबांनाच समजावलं.
डोळ्याला पट्टी बांधलेले आबा पुढे, त्यांचा हात धरून मी मागे. "सांभाळीसन, पायरी शे," म्हणत त्यांनी मला रिक्षात बसवलं. गोडादऱ्याच्या आमच्या घराचा पत्ताही त्यांनीच सांगितला. सुषमाने दार उघडलं, तर मला तिच्या हवाली करत म्हणाले, "बेटी, जवाईबापूले सुखरूप लई उनू." ती हसली असावी. मला नीट दिसलं नाही.
आडवा झालो, तो आज दुपारी उठलो. घाबरून विचारलं, कोणाचे फोन? सुषमा म्हणाली, एकच आला. हॉस्पिटलमधून, ती नर्स. मी म्हटलं, बघ, आबांची किती काळजी घेतात.
सुषमा म्हणाली, आबांचं नाही. त्यांच्याबरोबरचे काका घरी नीट पोचले का, विचारत होती.