मेणाचा हात

बुधवार, ८ मे १९७४

हात वितळला! शेजारच्या यमुताई नर्सबाईंनी सांगितलं होतं — चर्चबाहेर मेणाचा हात मिळतो, तो आधी घरी नेऊन आजारी हाताला लावायचा, मग मरियामातेपुढे ठेवायचा. घेतला. भर दुपारी सायकलरिक्षाने महालातल्या घरी पोचेपर्यंत पिशवीत हात कसला, नुसता गोळा! मे महिन्यात नागपुरात मेण मिरवणारी मी एकटीच शहाणी.

हे गोळ्याकडे बघत म्हणाले, "हा कोनाचा हात व्हय? याच्यापेक्षा तं माहा बरा हाय."

लकवा मारल्यापासून चार महिन्यांत पहिल्यांदा थट्टा केली. उजवा हात मांडीवर पडून असतो. विणायचा माग झाकून ठेवलाय. डॉक्टर म्हणतात हात हलवत राहा, तर हे कोणाला शिवू देत नाहीत. मला तो हात परत हवा आहे. बस, दुसरं काही मागत नाही.

गुरुवार, ९ मे

यमुताई गोळा पाहून इतक्या हसल्या की डोक्यावरची टोपी पडली! मी विचारलं, देवाला राग तर येणार नाही?

"काहून येईल वं? वाळल्या हाताच्या मानसाले येशूनं सुटीच्या दिवशी बरं केलं, तं लोकच चिडले. त्याले दया आली का तो वार पाहत नाही, तुह्यं मेण काय पाहते!"

म्हटलं, पण मी कोष्ट्यांची सून, ख्रिस्ती थोडीच आहे?

"तो वाळल्या हाताचा तरी कुठं होता!"

शनिवार, ११ मे

मेण कोमट पाण्यात मऊ करून मीच हात वळला. बोटं सहा झाली. एक काढायला गेले तर दोन निघाली. एकूण दुधीभोपळा.

सोमवार, १३ मे

यांना बघवेना. "याले हात म्हनते का? कोष्ट्याच्या घरचं काम असं? आन इकडं!"

डाव्या हाताने वळायला बसले. गोळा सारखा घसरायचा, म्हणून उजवा पंजा उचलून वर ठेवला, पाटीवर दगड ठेवावा तसा. तासभर! नखंसुद्धा कोरली. मग पसंत पडलं नाही म्हणून सगळं मोडून टाकलं.

मी पाणी तेवढं कोमट ठेवत राहिले.

बुधवार, १५ मे

चर्चला जाणं झालंच नाही. यमुताई न्यायला आल्या, तर हे आतूनच ओरडले, "अंगठा जमून नाही राहिला, बाई! मातेले म्हना, थांब जरा!"

मरियामातेला थांब! मीच दोन्ही गालांवर मारून घेतलं.

रविवार, १९ मे

रोज वळतात, रोज मोडतात. पंजा तिथेच दगडासारखा. आज मी देवावर चिडले, खरंच सांगते. दया येते म्हणतात, तर येऊ दे की! किती मेण आणू अजून? मोरीत जाऊन रडले.

मंगळवार, २१ मे

कणीक मळत होते. मागून वेणी ओढली. "सोडा, हात भरलेत माझे!" म्हणून वळले.

यांच्या डाव्या हातात चहाचा कप होता.