आमच्या क्लबला मॅनेजर मिळतो

३ फेब्रुवारी, सोमवार

मॅनेजर सोडून गेला. कारण विचारलं तर नुसता माझ्याकडे बघत राहिला. म्हणजे त्याच्याकडे कारणच नव्हतं.

फुटबॉल लीगच्या टेबलात आम्ही तळाला. सोळा तारखेची मॅच हरलो तर लीगमधून बाहेर, आणि मैदानही हातचं जाणार. पण मी डगमगणारा नाही. क्लबचा सेक्रेटरी या नात्याने कमिटीला ठणकावून सांगितलं, असा मॅनेजर आणतो की लोक तोंडात बोटं घालतील. संकल्प: निवड फक्त गुणवत्तेवर. वशिला बंद.

५ फेब्रुवारी, बुधवार

बायकोचं म्हणणं, लेकीलाच घ्या. लेक शाळेत खेळ शिकवते. तिची मुलींची टीम गेल्या वर्षी एकही मॅच हरली नाही. मी साफ नकार दिला. घराणेशाही मला तत्त्वतः मान्य नाही. मग माझा भाऊ गोलमध्ये काय करतोय, असं बायकोने विचारलं.

मेहुण्याची गोष्ट वेगळी. तो उंच आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ

पहिला उमेदवार. सर्टिफिकेटांची फाइलच घेऊन आला होता. टीम कोण निवडतं, असं विचारलं. म्हटलं, मी. डावपेच? मीच. हाफटाइमला कोण बोलतं? तेही ओघाने माझ्याकडेच येतं. मग मॅनेजरने काय करायचं, हा त्याचा प्रश्न. मी म्हटलं, जबाबदारी घ्यायची.

चहा अर्धा टाकून गेला. जबाबदारी म्हटलं की हल्ली लोक काढता पाय घेतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा उमेदवार जुना खेळाडू. त्याला प्रॅक्टिस दाखवली. मी साइडलाइनवरून नेहमीच्या सूचना देत होतो. डावीकडच्याला उजवीकडे पाठवलं, उजवीकडच्याला मागे, मागच्याला पुढे. सगळे जागच्या जागी थांबून माझं ऐकत होते. इतकी आज्ञाधारक टीम शोधून सापडणार नाही. तेवढ्यात बॉल गोलमध्ये गेला. आमच्याच.

उमेदवाराची अट: मी बेंचच्या आसपास फिरकायचं नाही. उडवून लावली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तिसऱ्याने फोनवरच तीच अट घातली. मला कधी भेटलेलाही नाही! माझ्या ज्ञानाची धास्ती बरीच लांबवर पसरलेली दिसते.

विचारांती निर्णय: मॅनेजर मीच. उगाच बाहेर शोधत बसलो. उद्याच्या मीटिंगसाठी भाषण पाठ केलं. बायकोला म्हणून दाखवलं. ती भांडी जरा जोरातच घासत होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार. मीटिंगनंतर

भाषण उत्तम झालं. कमिटीने एकमताने लेकीला नेमलं.

अर्ज कर म्हणून मेहुण्यानेच तिला गळ घातली होती म्हणे. घरभेदी. लेकीचीही अट तीच. मंजूर झाली. मी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता, पण अध्यक्षांना घाई होती.

मला काम मिळालंय. मैदानाच्या भिंतीवरून रस्त्यावर गेलेले बॉल परत आत टाकायचे. हलकं काम नाही हे. बॉलशिवाय मॅच होत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

रस्त्यावर मेहुणाही माझ्या शेजारी उभा. लेकीने त्याला पहिल्याच दिवशी वगळलं. मी सांत्वन करायला गेलो, तर म्हणाला, बरंच झालं भाऊजी, गुडघा कधीचा दुखतोय, पण तुम्हाला सांगणार कोण.

पहिला बॉल आत टाकताना मी ओरडून सांगितलं, डावीकडून खेळा. आतून लेकीने फक्त बाबा म्हटलं. मी पुढचा बॉल आणायला गेलो.

दुसऱ्या हाफमध्ये आत एकदम गलका झाला. आपलाच गोल, असं मेहुणा म्हणाला. भिंत उंच. मला काही दिसलं नाही.

जिंकलो. लीगमध्ये राहिलो.

जेवताना लेकीला म्हटलं, पुढच्या सीझनला मी बेंचवर येतो, तुला मदत होईल. तिने घास खाली ठेवला. मॅचआधी पोरांनी एकच विचारलं होतं म्हणे, सर, म्हणजे मी, खरंच येणार नाहीत ना. नाही येणार, असं ती म्हणाली, तर कितीतरी दिवसांनी सगळे हसले.

मला बरंच काही बोलायचं होतं. वाईट वाटलं, फार.

मग विचारलं, उद्या प्रॅक्टिसला येऊ का. या की, म्हणाली, बॉल बरेच बाहेर जातात.